पुरुषांची हाडं नेमकं कोणतं हार्मोन सांभाळतं? वय वाढल्यावर काय बिघडतं?

आजीच्या पाठीला बाक आला की घरात सगळे म्हणतात, "कॅल्शियम कमी झालंय." आजोबांच्या पाठीला बाक आला की म्हणतात, "वय झालं आता." हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार आहे, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की पुरुषांची तपासणी करायचं कोणाच्या मनातही येत नाही. कधी कधी डॉक्टरांच्याही येत नाही.

आकडे मात्र वेगळं सांगतात. आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनच्या अंदाजानुसार पन्नाशी ओलांडलेल्या दर तीन बायकांपैकी एकीचं आणि दर पाच पुरुषांपैकी एकाचं हाड उरलेल्या आयुष्यात ठिसूळपणामुळे कधी ना कधी मोडतं. म्हणजे प्रमाण बायकांमध्ये जास्त आहे, हे खरंच. पण खुब्याचं हाड मोडल्यावर पुढच्या वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांमध्ये जास्त असतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

दुसरीकडे मोबाईल उघडला की "टेस्टोस्टेरॉन वाढवा, हाडं लोखंडासारखी करा" असे रील्स एकामागून एक येतात. पुरुषाची ताकद म्हणजे पुरुषी हार्मोन, आणि ते कमी झालं की हाडं गेली, असा हा सोपा हिशेब. त्यात थोडं तथ्य आहे. पण प्रयोगांनी गेल्या तीस वर्षांत जे दाखवलं, ते बरंच चक्रावून टाकणारं आहे. ते समजून घ्यायचं तर आधी हाडाकडे नीट पाहायला हवं.

हाड म्हणजे दगड नव्हे

शाळेतल्या प्रयोगशाळेत टांगलेला सांगाडा पाहून हाड म्हणजे एकदा बनलेली, मग आयुष्यभर तशीच राहणारी वस्तू वाटते. जिवंत शरीरातलं हाड तसं नसतं. ते सतत पोखरलं जातं आणि सतत भरलं जातं. पोखरणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, भरणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट. पालिकेने रस्ता खणावा आणि मागून दुसऱ्या टोळीने तो बुजवावा, तसं हे काम चालतं. फरक इतकाच की शरीरात तरुणपणी तरी खड्डा वेळेवर बुजतो. एक खड्डा खणायला दोन-तीन आठवडे लागतात, तो भरून पक्का व्हायला तीन-चार महिने. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा नवा होतो.

हा उद्योग कशासाठी? एक तर रोजच्या वापराने हाडात बारीक चिरा पडतात, त्या दुरुस्त व्हाव्या लागतात. दुसरं म्हणजे हाड ही शरीराची कॅल्शियमची तिजोरी आहे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यावर स्नायू, नसा आणि हृदयाचे ठोके चालतात. रक्तातली पातळी जरा घसरली की शरीर तिजोरी फोडून कॅल्शियम काढतं. हृदय चालू राहणं महत्त्वाचं, हाडाचं नंतर बघू, असा त्याचा प्राधान्यक्रम.

वयाच्या तिशीपर्यंत भरणं जास्त आणि पोखरणं कमी असतं. त्यानंतर काही वर्षं दोन्ही बरोबरीत चालतं आणि मग हळूहळू पोखरणं पुढे जातं. दर वेळी खड्डा थोडासा अपुरा भरतो. एका खड्ड्याने काही होत नाही, पण असे लाखो खड्डे वर्षानुवर्षं अपुरे राहिले की हाड आतून विरळ होतं. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मराठीत त्याला 'अस्थिसुषिरता' असा शब्द आहे, पण तो पुस्तकातच राहिला. बोलताना आपण 'हाडं ठिसूळ झाली' किंवा 'हाडं झिजली' म्हणतो. यातला 'झिजली' हा शब्द जरा फसवा आहे, कारण गुडघ्याची झीज हा सांध्याचा आणि कूर्चेचा वेगळा विकार. गुडघे ठणठणीत असलेल्या माणसाचीही हाडं आतून पोकळ झालेली असू शकतात. आणि हाडं विरळ होताना दुखत नाहीत. दुखतं ते मोडल्यावर.

बायकांची घसरण आणि पुरुषांचा उतार

पाळी बंद झाली की बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन काही वर्षांतच झपकन खाली येतं आणि त्या पाठोपाठ हाडांची घनताही. पुरुषांना असा कडा नसतो, त्यांना लांबलचक उतार असतो. टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्याने कमी होत जातं. हाडांची घनताही पन्नाशीनंतर वर्षाला अर्धा ते एक टक्का अशा संथ गतीने उतरते.

शिवाय पुरुषांची सुरुवात चांगली झालेली असते. मुलांमध्ये वयात येण्याचा काळ उशिरा येतो आणि जास्त चालतो, त्यामुळे हाडं लांब तर होतातच, रुंदही होतात. रुंद नळी अरुंद नळीपेक्षा वाकायला अवघड असते, हे कोणताही प्लंबर सांगेल. हाडाच्या आतल्या जाळीतही फरक पडतो. वय वाढल्यावर पुरुषांमध्ये जाळीच्या काड्या बारीक होतात, बायकांमध्ये त्या बऱ्याचदा मधून तुटूनच जातात. बारीक झालेली काडी अजून भार पेलते; तुटलेली पेलत नाही.

म्हणूनच पुरुषांची हाडं मोडू लागतात ती साधारण दहा वर्षं उशिरा. साठीत बायकोचं मनगट मोडतं, आणि सत्तरी-पंचाहत्तरीत नवऱ्याचा खुबा. तोवर त्याला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, फुप्फुसांचे त्रास यांपैकी काही ना काही जडलेलं असतं. खुबा मोडल्यावर पुरुष जास्त का दगावतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

दोन मीटरहून उंच तरुण आणि एक उलटलेली समजूत

आता हार्मोनकडे. बायकांची हाडं इस्ट्रोजेन सांभाळतं, पुरुषांची टेस्टोस्टेरॉन, अशी साधी वाटणी वैद्यकात कित्येक दशकं गृहीत धरलेली होती. १९४१ मध्ये अमेरिकन डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी पाळी जाण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा संबंध मांडला. पुरुषांच्या बाबतीत त्याच धर्तीवर टेस्टोस्टेरॉनचं नाव घातलं गेलं. तर्क सरळ होता, म्हणून कोणी फार उकरून पाहिलं नाही.

मग १९९४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात फुटांच्या आसपास. विशेष म्हणजे तो अजून वाढतच होता. मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक चकती असते, तिथून उंची वाढते. वयात आल्यावर ती चकती हाडात मिसळून बंद होते. या माणसाची ती बंदच झाली नव्हती. एक्स-रेवर त्याची हाडं १५ वर्षांच्या मुलासारखी दिसत होती आणि त्यांची घनता फारच कमी होती.

त्याचं टेस्टोस्टेरॉन तपासलं तर ते अगदी व्यवस्थित. दाढी-मिशा, आवाज, सगळं पुरुषासारखं. दोष दुसरीकडेच निघाला. जनुकातल्या बिघाडामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा निरोप ऐकूच येत नव्हता. रक्तात इस्ट्रोजेन भरपूर होतं, पण ते ज्याला जाऊन चिकटतं तो ग्राहीच नादुरुस्त होता.

बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन पुरुषाच्या शरीरात काय करतं? तर ते तिथे असतंच, आणि बहुतेक टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं. अरोमाटेज नावाचं एक विकर टेस्टोस्टेरॉनच्या काही भागाचं इस्ट्रोजेन करतं. हे काम चरबीत, स्नायूंत, मेंदूत आणि खुद्द हाडातही चालतं. साठीतल्या पुरुषाच्या रक्तातलं इस्ट्रोजेन साधारणपणे त्याच्याच वयाच्या बायकोपेक्षा जास्त असतं, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो.

हे अरोमाटेजच जन्मतः नसलेले काही पुरुषही पुढे सापडले. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन होतं, पण त्याचं इस्ट्रोजेन होत नव्हतं. तेही तसेच: उंच, न थांबणारी वाढ, विरळ हाडं. १९९७ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी अशाच एका ३८ वर्षांच्या पुरुषाला आधी टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिलं. हाडांवर काही फरक पडला नाही. नंतर इस्ट्रोजेन दिलं, तेव्हा वाढीच्या चकत्या बंद झाल्या आणि घनताही वाढली.

दोन-चार दुर्मीळ रुग्णांवरून सगळ्या पुरुषांबद्दल बोलणं धाडसाचं झालं असतं. तो प्रश्न अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने घेतला. त्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग म्हणावा लागेल. ५९ वयस्कर पुरुषांमध्ये औषधांनी शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन दोन्ही काही आठवडे बंद केलं गेलं. मग त्यांचे चार गट केले. एका गटाला पॅचमधून दोन्ही हार्मोन परत दिली, एकाला फक्त टेस्टोस्टेरॉन, एकाला फक्त इस्ट्रोजेन आणि एकाला काहीच नाही. रक्त-लघवीतल्या खुणांवरून हाड किती पोखरलं जातंय आणि किती भरलं जातंय, हे मोजलं. पोखरणं आवरण्याच्या कामात ७० टक्क्यांहून जास्त वाटा इस्ट्रोजेनचा निघाला. टेस्टोस्टेरॉनचा वाटा फार तर ३० टक्के. नवं हाड घडवण्यात मात्र दोघांचाही हात दिसला.

म्हणजे टेस्टोस्टेरॉन बिनकामाचं, असं नव्हे. इस्ट्रोजेन ज्यापासून बनतं तो कच्चा माल तेच आहे. हाडाला बाहेरून रुंद करण्यात त्याचा भाग आहे. आणि स्नायू टिकवण्याचं काम तर त्याचंच. स्नायू बळकट असतील तर माणूस तोल सावरतो, पडत नाही. पण "पुरुषाचं हाड म्हणजे पुरुषी हार्मोन" हा रील्समधला हिशेब अर्ध्याहून जास्त चुकीचा आहे.

वय वाढतं तेव्हा नेमकं काय होतं?

वृषणांची टेस्टोस्टेरॉन बनवण्याची क्षमता मंदावते, ही एक बाजू झाली. दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. रक्तात या हार्मोनांना धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, एसएचबीजी. वयाबरोबर ते वाढत जातं. त्याने घट्ट धरलेलं हार्मोन पेशींच्या उपयोगाचं राहत नाही. त्यामुळे रिपोर्टवर एकूण टेस्टोस्टेरॉन ठीकठाक दिसतं, पण मोकळं, वापरता येईल असं टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन दोन्ही बरंच घटलेलं असतं. वयस्कर पुरुषांच्या हाडांची घट या मोकळ्या इस्ट्रोजेनशी जास्त जुळते, असं पाहण्यांत दिसून आलं आहे.

त्यातच वाढीच्या हार्मोनची पातळी उतरते. त्वचेची ड जीवनसत्त्व बनवण्याची क्षमता कमी होते. ड कमी म्हणजे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जाणार. मग मानेतल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन सोडतात आणि हाडातून कॅल्शियम ओढून काढतात. महाराष्ट्रात उन्हाची कमतरता नाही, तरी ड कमी असलेली माणसं शहरांत सर्रास सापडतात. कारण ऊन असतं, पण आपण उन्हात नसतो. पहाटे फिरायला जाऊन सूर्य वर यायच्या आत घरी येणाऱ्यांना फिरण्याचा फायदा होतो. ड जीवनसत्त्वाचा फारसा नाही. ते बनवणारी किरणं दुपारच्या आसपासच्या उन्हात जास्त असतात.

मग टेस्टोस्टेरॉन टोचून घ्यावं का?

यावर गेल्या काही वर्षांत दोन मोठी उत्तरं आली आणि ती एकमेकांशी भांडतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. ६५ च्या पुढचे, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले २११ पुरुष त्यात होते. वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं जेल लावल्यावर मणक्याच्या आतल्या जाळीची घनता ७.५ टक्क्यांनी वाढली. नुसतं जेल लावणाऱ्यांत ती ०.८ टक्के वाढली. मणका गणिताने जास्त मजबूतही ठरला. बातमी चांगलीच होती.

पण घनता वाढली म्हणजे मोडणं कमी झालं, असं धरून चालत नाही. ते पाहायला खूप जास्त माणसं लागतात. ती 'ट्रॅव्हर्स' या चाचणीत मिळाली: ४५ ते ८० वयाचे, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले ५,२०४ पुरुष. २०२४ च्या सुरुवातीला त्यातला हाडांचा भाग प्रसिद्ध झाला. तीनेक वर्षांत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी ३.५ टक्के पुरुषांचं हाड मोडलं, न घेणाऱ्यांपैकी २.४६ टक्के पुरुषांचं. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी मोडण्याचं प्रमाण वाढलं.

असं का व्हावं? घेतल्यावर अंगात जोर आला, माणसं जास्त धावपळ करू लागली आणि पडली, असा एक अंदाज आहे. तो सिद्ध झालेला नाही. हे पुरुष ठिसूळ हाडांसाठी निवडलेलेही नव्हते. पण हाडांचं औषध म्हणून टेस्टोस्टेरॉन विकणाऱ्याला या चाचणीने आडवं पाडलं आहे, हे नक्की. वृषणांच्या किंवा पीयूषिका ग्रंथीच्या खऱ्या आजारामुळे ज्यांचं टेस्टोस्टेरॉन फारच कमी आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ते देणं हा योग्य उपचार आहे. आणि तसं निदान करायला सकाळच्या वेळी, उपाशीपोटी, किमान दोनदा रक्त तपासावं लागतं. संध्याकाळी एकदा केलेल्या तपासणीवरून काही ठरत नाही, कारण ही पातळी दिवसभरात खाली येते.

जिममधल्या तरुणांसाठी इथे एक खास धडा आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. ते बंद केल्यावर शरीराचं स्वतःचं उत्पादन परत सुरू व्हायला महिने लागू शकतात, आणि त्या काळात टेस्टोस्टेरॉनही नसतं, इस्ट्रोजेनही नसतं. त्यावर कडी म्हणजे छाती वाढू नये म्हणून अरोमाटेज बंद करणाऱ्या गोळ्या खाणं. अशी एक गोळी, ॲनास्ट्रोझोल, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या साठीच्या पुढच्या पुरुषांना वर्षभर देऊन पाहिली होती. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: टेस्टोस्टेरॉन वाढलं आणि मणक्याची घनता मात्र कमी झाली. मेयोच्या प्रयोगाचंच हे दुसरं टोक म्हणता येईल.

प्रोस्टेटचा उपचार आणि हाडं

पुरुषांमध्ये पाळी जाण्यासारखा कडा नसतो, असं वर म्हटलं. त्याला एक मोठा अपवाद आहे. प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात टेस्टोस्टेरॉन तोडणं हाच उपचाराचा कणा आहे. ते इंजेक्शनांनी करतात, किंवा वृषण काढून टाकण्याच्या छोट्या शस्त्रक्रियेने. शस्त्रक्रिया एकदाच करावी लागते आणि स्वस्त पडते, म्हणून आपल्याकडे ती बरीच होते.

टेस्टोस्टेरॉन तोडलं की त्यापासून बनणारं इस्ट्रोजेनही गेलं. काही महिन्यांत हाडं एरवीच्या म्हातारपणाच्या कितीतरी पट वेगाने विरळ होऊ लागतात. अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींवर २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्यांपैकी हा उपचार घेतलेल्या १९.४ टक्के पुरुषांचं हाड मोडलं होतं, न घेतलेल्यांपैकी १२.६ टक्के पुरुषांचं. याचा अर्थ उपचार टाळावा असा मुळीच नाही, त्याने आयुष्य वाढतं. अर्थ इतकाच की उपचार सुरू होतानाच हाडांची घनता मोजून घ्यावी आणि हाडांसाठी काय करायचं ते कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावं. गर्दीच्या ओपीडीत हा विषय निघतोच असं नाही. नातेवाईकांनी तो काढायला हरकत नाही.

वयाच्या नावाखाली लपलेली कारणं

पुरुषांच्या ठिसूळ हाडांची एक गंमत अशी की शोधलं तर पुष्कळदा दुसरं कारण सापडतं. सगळ्यांत नेहमीचं म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या. संधिवात, दमा, त्वचेचे आजार यासाठी प्रेडनिसोलोन महिनोन्‌महिने चालू असेल तर पहिल्या काही महिन्यांतच हाडांवर परिणाम सुरू होतो. सांधेदुखीवरच्या निनावी पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. पुडी घेतल्याबरोबर जादूसारखा गुण आला तर तिथे शंका घ्यावी. दम्याच्या पंपातलं औषध तुलनेने फार कमी असतं, त्याला घाबरून पंप सोडू नये. आणि बऱ्याच दिवसांपासून चालू असलेली स्टिरॉइडची गोळीही स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, जिवावर बेतू शकतं.

दारू दोन्हीकडून मारते. हाड भरणाऱ्या पेशींना मंद करते, आणि माणसाला पाडते. विडी-सिगारेटनेही झीज वाढते. याशिवाय थायरॉइड किंवा पॅराथायरॉइडचं काम वाढणं, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे आजार, फिट्सवरच्या काही गोळ्या, आतड्याचे शोषणाचे विकार, आणि क्वचित मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग. मधुमेहाची तऱ्हा आणखी वेगळी: टाइप २ मध्ये घनता चांगली दिसते आणि तरीही हाड मोडतं.

तपासणी कोणी, कोणती करायची?

ज्येष्ठ नागरिक संघात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये "मोफत बीएमडी शिबिर" लागतं. तिथे पाय एका छोट्या यंत्रात ठेवून टाचेची तपासणी करतात. ती अल्ट्रासाउंडवर चालते. धोक्याचा अंदाज म्हणून ठीक, पण तिच्यावरून औषध सुरू करायचं नसतं. निदानाची तपासणी म्हणजे डेक्सा. आडवं झोपवून खुबा आणि कंबरेचे मणके यांचा अतिशय कमी क्ष-किरणांचा फोटो काढतात. रिपोर्टवर टी-स्कोअर असतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, आणि मधल्या भागाला ऑस्टिओपेनिया म्हणतात. गमतीचा भाग असा की आंतरराष्ट्रीय प्रथेनुसार पुरुषांचा टी-स्कोअरही तरुण बायकांच्या हाडांशी तुलना करूनच काढला जातो.

अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शनानुसार सत्तरीच्या पुढच्या सगळ्या पुरुषांनी, आणि वर सांगितलेल्यांपैकी काही धोका असेल तर पन्नाशीनंतरच ही तपासणी करावी. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून एखादं हाड मोडलं असेल तर मात्र थांबूच नये. तरुणपणच्या उंचीत तीन-चार सेंटिमीटरची घट दिसत असेल तर मणक्याचा एक्स-रे काढावा. दबलेल्या मणक्यांपैकी बहुतेक मणके दबल्याचं त्या माणसाला कळलेलंच नसतं. "कंबर धरली" म्हणून चार दिवस मलम चोळलेलं असतं, एवढंच.

औषधं आहेत, आणि ती काम करतात

हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरणारी झोलेड्रोनिक ॲसिडसारखी औषधं पुरुषांतही तपासली गेली आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,१९९ पुरुष होते. वर्षातून एकदा सलाईनमधून हे औषध घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत १.६ टक्के पुरुषांचा मणका नव्याने मोडला, न घेणाऱ्यांपैकी ४.९ टक्के पुरुषांचा. अॅलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा असते. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. ही औषधं सुरू करण्याआधी दात काढायचे असतील तर काढून घ्यावेत, कारण क्वचित जबड्याचं हाड बरं होत नाही. डेनोसुमॅब हे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यायचं असतं. त्याची तारीख चुकवणं फार महागात पडतं, कारण औषध उतरलं की पोखरणाऱ्या पेशी एकदम उसळतात आणि काहींचे एकापाठोपाठ एक मणके मोडतात. बंद करायचं असेल तर डॉक्टर त्याजागी दुसरं औषध देतात.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा पाया आहे, पण ते औषधाची जागा घेत नाही. धडधाकट माणसांनी नुसतं ड घेऊन काय होतं, हे अमेरिकेत २५,८७१ जणांमध्ये तपासलं गेलं. २०२२ चा निष्कर्ष असा की हाडं मोडणं कमी झालं नाही. ज्यांच्यात ते खरंच कमी आहे, त्यांना मात्र ते हवंच. आपल्याकडची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती चुकून रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढल्याने दवाखान्यात भरती झालेली माणसंही असतात.

खाण्यात फार शोधाशोध लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, दूध-दह्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश, आणि तिळात कितीतरी जास्त. सुकट-जवळा कवचासकट खाल्ला जातो, तोही उपयोगी. व्यायामात नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूंवर भार यावा लागतो. ज्यांचा मणका आधीच दबला आहे त्यांनी मात्र पुढे वाकायची आसनं, पश्चिमोत्तानासनासारखी, टाळावीत.

आणि शेवटी खुबा मोडतो तो बहुधा पडल्यानेच. पुरुषांच्या बाबतीत यात पुन्हा प्रोस्टेट येतं. ती ग्रंथी वाढलेली असते, त्यामुळे रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. त्यासाठी दिलेल्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी एकदम उभं राहिल्यावर रक्तदाब खाली येऊन चक्कर येऊ शकते. त्यात अंधार, ओली फरशी आणि दारातला उंबरा. पलंगाजवळ दिव्याचं बटण, बाथरूममध्ये धरायला दांडा, आणि उठल्यावर लगेच न चालता मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसणं, याला कोणतीही तपासणी किंवा चिठ्ठी लागत नाही.